एका म्हशीच्या दोन नोंदी

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी सोबतच विचारले, की तुमच्या कामात वाचकाला सांगण्यासारखे काय आहे? प्रश्न रास्त होता. माझे काम संगणकातल्या नोंदी सांभाळण्याचे. त्यातला बराच काळ एकाच सेटिंगचा विचार करण्यात गेला. हे सेटिंग म्हणजे पडद्यावरची एक ओळ. पण त्या ओळीवर धर्मापुरीकडच्या एका बाईची निम्मी म्हैस टिकून होती. म्हणून लिहिते आहे.

बीड जिल्ह्यात गुरांना औषधपाणी पुरवणाऱ्या एका सहकारी संघाच्या नोंद विभागात मी काम केले. त्याआधी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. संघाची केंद्रे केज, पाटोदा, धर्मापुरी अशी लांब लांब. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा आणि त्यावरच्या आकड्याने त्याची नोंद ठेवायची, ही आमची पद्धत. नोंदी ज्या डेटाबेसमध्ये राहतात, तो म्हणजे खणांचे एक मोठे कपाट समजा. प्रत्येक खणावर एका बिल्ल्याचा आकडा. खणात त्या जनावराची माहिती: मालक, फोन, लसी, आजार, आणि वेत म्हणजे व्यायची खेप. आकडा सांगितला की खण उघडतो. आकडा माहीत नसेल तर हे कपाट मदत करत नाही. त्याला एवढेच येते आणि ते ते चटकन करते.

कपाट एकाच गावी ठेवले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण आमच्याकडे वीज जाते. रस्त्याचे खोदकाम निघाले की इंटरनेटची तार तुटते आणि जोडणारा माणूस सवडीने येतो. तोवर फुगलेल्या पोटाची गाय दारात थांबत नाही. म्हणून प्रत्येक केंद्रात कपाटाची पूर्ण प्रत ठेवलेली. लाइन असली की प्रती एकमेकींना बदल कळवतात. लाइन नसली की ज्याचे त्याने आपल्या प्रतीवर काम चालू ठेवायचे. लाइन आली की सगळ्या प्रती पुन्हा सारख्या होतात.

त्या सारख्या होतात कशा, हा खरा प्रश्न. लाइन बंद असताना दोन केंद्रांनी एकाच खणात दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या, तर कोणती ठेवायची? हे यंत्राला आधी सांगून ठेवावे लागते. पर्याय तीन. घड्याळाप्रमाणे जी नोंद शेवटची ती ठेवायची आणि दुसरी पुसायची. किंवा दोन्ही ठेवायच्या आणि माणसाला विचारायचे. किंवा दोन्हींची मिळून एक करायची. लसींच्या दोन याद्या अशा एकत्र करता येतात. पुण्याच्या कंपनीने कपाट बसवले तेव्हा पहिला पर्याय निवडूनच आला होता. तो कोणाला खटकला नाही. त्यात पडद्यावर कधी चूक दिसत नाही, कारण पुसलेली नोंद तक्रार करायला मागे उरत नाही.

वर्तमानपत्रात आम्ही असे करत नव्हतो. एकाच ग्रामसभेची बातमी दोन वार्ताहरांकडून आली, एक म्हणतो ठराव झाला, दुसरा म्हणतो सभा उधळली, तर उशिरा आलेली बातमी खरी असे डेस्कवर कोणी म्हणत नसे. फोन करायचा. फोन लागला नाही तर दोन्ही बाजू छापायच्या. मात्र पहिली बातमी वाचून त्याच वार्ताहराने दुरुस्ती पाठवली असेल, तर ती गोष्ट वेगळी. दुरुस्ती जुन्या मजकुराची जागा घेते. दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाठवलेली बातमी तशी जागा घेत नाही. हा फरक डेटाबेसलाही कळू शकतो. कोणती नोंद कोणती नोंद पाहून केली, याची खूण तो ठेवू शकतो. आमच्याकडे ती सोय होती, वापरात नव्हती.

माझे या सेटिंगकडे लक्ष गेले ते मात्र घड्याळामुळे.

पाटोद्याच्या केंद्रातून तक्रार येऊ लागली, की आम्ही केलेली दुरुस्ती टिकत नाही. केजच्या केंद्रात एखाद्याने गाईची नोंद करताना जुना फोन नंबर सांगितला आणि घराकडे जाताना पाटोद्यात थांबून नवा दिला, तर पाटोद्याने लिहिलेला नवा नंबर नाहीसा व्हायचा आणि जुनाच राहायचा. तिथल्या ऑपरेटर बाई म्हणाल्या, "मॅडम, आमी लिवायचं आन् केजवाल्यांनी पुसायचं, असंच चाललंय. त्यान्ला काय दुश्मनी हाय का आमच्याशी?"

केजला जाऊन पाहिले. तिथला ऑपरेटर शकील कामाला चोख. पण त्याच्या संगणकाचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळासारखेच पुढे होते, आणि भिंतीवरचे त्याने मुद्दाम पुढे ठेवले होते.

"हे पुढे का आहे?" मी विचारले.

"मॅडम, गावची जीप भरली की निघती. घड्याळ जरा म्होरं ठिवलं म्हंजे माणूस टायमाला उठतो. घरचं बी म्होरंच हाय."

"आणि संगणकाचं?"

"दोन्ही घड्याळं दोन टाइम दाखवायला लागली तर डोस्कं फिरल की."

आपल्याकडे निम्म्या घरांत घड्याळ पुढे असते. त्यात गैर काही नाही. पण शेवटची नोंद जिंकते असा नियम असला, की ज्याचे घड्याळ पुढे त्याचीच नोंद शेवटची ठरते. जीप चुकू नये म्हणून शकीलने केलेली सोय सगळ्या जिल्ह्याला नकळत हरवत होती. त्याला हे समजावले तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे जिल्ह्यात आमचंच खरं चालू होतं. कुणी सांगितलं बी न्हाई." संगणकाचे घड्याळ आम्ही इंटरनेटच्या वेळेला बांधले. भिंतीवरचे त्याने तसेच ठेवले.

मग इतर केंद्रांतली घड्याळे तपासायला मी निघाले. घड्याळे नीट झाली की नोंदी नीट होतील, असा सगळ्यांचा समज होता. मी धर्मापुरीच्या केंद्रात बसले असताना सोजरबाई आली.

सोजरबाईचे घर मेंढपाळाचे. माघात मेंढरे घेऊन ही कुटुंबे बाहेर पडतात आणि पेरणीच्या सुमाराला परततात. ती नवऱ्याच्या आधी दोन मुक्काम पुढे येऊन केंद्रात पोचली होती. ऑपरेटर बालाजी तिला ओळखत होता.

"बालाजीभाऊ, माझी म्हस तुमच्या डब्यात हाय का बगा."

तिने मोबाइलमधला फोटो पुढे केला. म्हशीच्या कानातला आकडा त्यात वाचता येत होता. बालाजीने खण उघडला. मालक म्हणून केजकडच्या फुलचंदरावांचे नाव होते.

"हे कवा झालं बे," बालाजी स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, हिच्या दारात जाऊन म्या सोता बिल्ला मारलाय. नाव बी हिचंच घातलतं. आता फुलचंदराव कावून दिसायलेत?"

सोजरबाई म्हणाली, "आबाचं नाव असू द्या की. निम्मी तेंचीच हाय. माझं कुठं गेलं तेवढं सांगा."

निम्मी म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे. आमच्याकडे जनावर अर्धलीने देतात. ज्याच्याकडे जनावर आहे पण सांभाळायला माणूस नाही, तो लहान वगार दुसऱ्याला सांभाळायला देतो. वगार म्हणजे म्हशीचे मादी पिल्लू. ती मोठी झाली, गाभण राहिली, की तिच्यावर दोघांचा हक्क सारखा. बोली घराघराची वेगळी. इथली बोली अशी होती: पहिल्या वेताचे पिल्लू फुलचंदरावांचे, दुसऱ्याचे सोजरबाईचे, त्यानंतर म्हैस विकायची की ठेवायची ते दोघांनी मिळून ठरवायचे. सोजरबाईचा नवरा पूर्वी फुलचंदरावांकडे सालगडी होता, त्यातून हे नाते. मेंढरांबरोबर म्हैस चालू शकत नाही, म्हणून कुटुंब बाहेर असेल तेवढे महिने ती फुलचंदरावांच्या गोठ्यात राहायची. पहिले वेत होऊन गेले होते. म्हैस दुसऱ्यांदा गाभण होती.

वाटेत म्हैस न्यायला सोजरबाई केजकडे थांबली, तेव्हा फुलचंदरावांच्या मुलाने, विनायकने, तिला सांगितले की म्हैस या बाजारी विकायची आहे, आणि बिल्ला आमच्या नावाचा आहे. बाजारात घेणारा माणूस केंद्राचा दाखला मागतो. दाखल्यावर जे नाव, तो मालक.

माझा पहिला संशय शकीलच्या घड्याळावर गेला. तो खोटा ठरला. बालाजीने बिल्ला मारला तेव्हा धर्मापुरीची तार तुटलेली होती; नोंद त्याच्या प्रतीतच राहिली. मग म्हैस केजकडे गेली. तिथे लस टोचायला गेलेल्या शकीलने आकडा घातला, तर त्याच्या प्रतीत असा खणच नव्हता. त्याने नवा उघडला आणि गोठ्याच्या मालकाचे नाव लिहिले. दोघांनीही डोळ्यांसमोर होते तेच लिहिले. तार जोडली गेली तेव्हा यंत्राने नेमून दिल्याप्रमाणे शेवटची नोंद ठेवली. केजची नोंद खरोखरच नंतरची होती. सगळी घड्याळे बरोबर असती तरी सोजरबाईचे नाव गेलेच असते.

त्या दिवशी मला कळले, की मी नको ती गोष्ट दुरुस्त करत फिरत होते.

पुण्याच्या कंपनीतला अनिकेत हे कपाट सांभाळायचा. त्याला फोन लावून मालकाच्या नोंदीपुरते सेटिंग बदलून 'दोन्ही ठेवा' करायचे आहे, असे सांगितले.

"मॅडम, करता येईल. पण ते सगळे टाळतात," तो म्हणाला. "मग माणसाला बसून निवडावं लागतं, आणि माणसं निवडत नाहीत. न सुटलेल्या नोंदी साचत जातात. माझ्याकडे त्या लाल दिसतात."

"दिसू देत. पुसलेल्या तर दिसतही नाहीत."

त्याने वाद घातला नाही, पण एक अडचण सांगितली. बालाजीने आता खण उघडून सोजरबाईचे नाव लिहिले, तर यंत्र ती दुरुस्ती समजेल आणि फुलचंदरावांचे नाव पुसेल. म्हणजे तीच चूक उलट बाजूने. दोन्ही नावे राहायची तर बालाजीने आधीची नोंद न पाहता, जणू तार अजून तुटलेलीच आहे असे धरून लिहायला हवे. तशी सोय होती. मात्र न पाहता लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या म्हणण्याची दखल न घेता लिहिणे. म्हणून मी आधी फुलचंदरावांना फोन केला.

म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. कोण बोलतेय, कशाला, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, "सोजरची निम्मी हाय. तवाच बोली झालती. तिचं नाव न्हाई म्हंता? मंग घाला की."

दुपारी सेटिंग बदलले. बालाजीने नोंद केली. खण उघडला की आता दोन नावे शेजारी शेजारी येऊ लागली.

बाजाराच्या दिवशी विनायक दाखला घ्यायला केजच्या केंद्रात आला. म्हैस बाहेर टेम्पोत उभी होती. सोबत फुलचंदराव होते. सोजरबाई पहिल्या एसटीने येऊन ओट्यावर बसली होती. शकीलने मलाही बोलावून घेतले होते. पडद्यावर दोन नावे, आणि प्रत्येक नावाखाली एक बटण: 'ही नोंद ठेवा'. एक दाबल्याशिवाय दाखला निघत नव्हता.

"आमचं दाब की शकीलभाऊ," विनायक म्हणाला. "लसीची फी आमी भरली, वैरण आमी घातली. चार महिने गोठ्यात कुणाच्या होती?"

"आन् आठ महिने कुणाच्या दारात होती?" सोजरबाई म्हणाली.

"मावशी, तुमचं कष्ट न्हाई म्हणत न्हाई मी. पर सगळं तोंडी हाय. उद्या मी बी म्हणंल, अमक्याची विहीर निम्मी माझी हाय."

"म्हणून बग," फुलचंदराव म्हणाले. "तो अमका हो म्हणला तर हायच तुझी."

विनायक माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, वडलांचं वय झालंय. ते कुणालाबी हो म्हणतेत. मला सगळं निस्तरावं लागतंय." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. घरात कर्ता माणूस तोच होता, आणि तोंडी बोलीवर दिलेली आणखीही जनावरे होती.

शकील म्हणाला, "आबा, तुमीच सांगा. कोणतं दाबू?"

"दोनी ठिव."

"तसं बटनच न्हाई ना आबा."

"मंग दाबू नको."

शकीलने माझ्याकडे पाहिले. नियमाने नोंद सोडवायला हवी होती. सोडवणे म्हणजे एक पुसणे. मी त्याला हात काढून घ्यायला सांगितले आणि अनिकेतला फोन लावला. दोन्ही नावांचा दाखला छापता येईल का, आणि छापला तर दोघांच्या सहीशिवाय तो चालणार नाही असे त्यावर येईल का? तो म्हणाला, आज होणार नाही, उद्यापर्यंत करतो. विनायकने हे ऐकले आणि बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला सांगितले, "घे रे, माघारी घे." बाजार त्याच्याविना भरला.

दाखला आला तेव्हा त्यावर दोन नावे होती. घेणारा तयार होता, सोजरबाई अंगठा द्यायला तयार नव्हती. "दुसरं वेत होऊ द्या. मंग म्हस इका न्हाईतर ठिवा, म्या अंगठा देते. वेत माझं हाय." विनायकने आणखी एकदा शकीलकडे जाऊन बटणाची चौकशी केली, असे शकील सांगतो. तो म्हणाला, "म्या त्याला म्हणलं, एकलं बटन दाबायला दोन माणसं लागतेत आता." आठवडा उलटायच्या आत म्हैस धर्मापुरीला गेली. टेम्पो विनायकनेच करून दिला.

हे सेटिंग मालकाच्या नोंदीसाठी पुढे तसेच राहिले. फोन नंबराला 'शेवटची ठेवा', लसींना 'एकत्र करा', मालकाला 'दोन्ही ठेवा'. अनिकेतच्या पडद्यावरच्या लाल नोंदी वाढत गेल्या. तपासल्यावर दिसले, की त्यांतल्या बऱ्याच नोंदींत भांडण नव्हतेच. अर्धलीची जनावरे होती, भावाभावांत न वाटलेली बैलजोडी होती. आम्ही ज्याला गोंधळ समजून पुसत होतो, ती तिथली रीत होती. शेवटी अनिकेतने मालकाच्या जागी एकाहून अधिक नावे मुळातच लिहिता येतील अशी सोय केली आणि त्या नोंदींचा लाल रंग गेला.

दुसरी बाजूही लिहायला हवी. नावे दिसू लागली तसे काही जण सावध झाले. शकीलने सांगितले, की लोक केंद्रात येऊन विचारतात, "निम्म्यानं दिलं की तेचं बी नाव लागतंय का?" हो म्हटले की निघून जातात. विनायकने त्यानंतर अर्धलीने जनावर दिले नाही. बोली संपून मोकळी झालेली जनावरे विकली. त्याच्यासारखे आणखी काही निघाले. तोंडी होते तोवर देणाऱ्याला आपण मोठ्या मनाने देतो असे वाटत होते. पडद्यावर दुसरे नाव आले तेव्हा त्याला ते देणे जड वाटू लागले. ज्यांना जनावर मिळाले असते त्यांच्या नावाचा खणच उघडला नाही, म्हणून ती संख्या मला सांगता येत नाही. पहिले सेटिंग नोंदी पुसत होते. आमचे सेटिंग काही नोंदी होऊच देत नाही. तरी पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन. निर्धास्तपणे निवडेन, असे मात्र म्हणवत नाही.

म्हैस धर्मापुरीला व्याली. वगार झाली. फुलचंदराव बघायला येऊन गेले, विनायक आला नाही. पुढे दोघांच्या संमतीने म्हैस विकली. दाखल्यावर सोजरबाईचा अंगठा आहे आणि फुलचंदरावांची सही.

वगार बिल्ला मारण्याएवढी झाली तेव्हा बालाजी सोजरबाईच्या दारात गेला. पडद्यावर आता मालकाच्या नावांसाठी एकाखाली एक रकाने येतात. पहिल्यात त्याने सोजरबाईचे नाव लिहिले आणि रीतीप्रमाणे विचारले, "आनखी कुनी?"

सोजरबाई वगारीचा कान धरून उभी होती. म्हणाली, "न्हाई. हिच्यात कुनी न्हाई."

बालाजीने बाकीचे रकाने रिकामे ठेवले आणि नोंद पूर्ण केली. लाइन त्या दिवशी चालू होती. नोंद सगळ्या केंद्रांत गेली, आणि कुठूनही दुसरी आली नाही.